भेटायला कुणी नाही, म्हणूनच जायचंय

प्रति,
दिल्ली आणि इस्लामाबादेत बसून एकमेकांच्या माणसांचे व्हिसा मंजूर-नामंजूर करणारे सर्व अधिकारी, दोन्ही बाजूंचे

विषय : १५ ऑगस्ट १९४७ पूर्वी सीमेपलीकडे जन्मलेल्या व्यक्तींना जन्मगाव बघण्यासाठी व्हिसा मिळणेबाबत

महोदय, महोदया,

तुम्हाला अर्जासोबत यजमान लागतो. ज्याच्याकडे उतरणार त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, पत्ता, फोन, ओळखपत्राची प्रत. माझ्या सासूबाईंचा अर्ज तिथंच अडतो, कारण त्यांच्याकडे लिहायला एकही नाव नाही. १९३८ साली सिंधमधल्या हैदराबादला, हिराबाद मोहल्ल्यात त्या जन्मल्या. १९४८ च्या सुरुवातीला त्यांच्या गल्लीतले काका, मामा, शेजारी, शाळेतल्या बाई, दागिने घडवणारा सोनार, झाडून सगळे निघाले. एखादा मावसभाऊ जरी मागे राहिला असता, तरी त्याला भेटायला म्हणून आज अर्ज करता आला असता. कुणीच राहिलं नाही, म्हणून अर्जात दम नाही. जो जितका मुळासकट उपटला गेला, त्याचा अर्ज तितका कच्चा. हा हिशेब मला कुणीतरी समजावून सांगावा.

मी स्वतः सिंधी नाही. वऱ्हाडातली, अमरावतीची. लग्न करून उल्हासनगरला आले आणि सासूबाईंना घरातल्या सगळ्यांसारखंच ‘अम्मा’ म्हणू लागले. मला माहेरची आठवण आली तर रात्री कल्याणला अमरावती एक्स्प्रेसमध्ये बसायचं, उजाडता बडनेरा. भाऊ मोटारसायकल घेऊन उभा असतो. इतकं सोपं असल्यामुळेच असेल, पण गावाची ओढ ही काही कुणाकडे मागायची, मंजूर करून घ्यायची गोष्ट असते हे मला सासरी येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

आपल्याकडे नवी ओळख झाली की चहा येण्याआधी ‘गाव कोणतं?’ हा प्रश्न येतो. आमच्या लग्नात माझ्या आत्यानं अम्मांना तो विचारला. ‘हैदराबाद,’ अम्मा म्हणाल्या. ‘अगं बाई, चारमिनार!’ आत्या खूश. अम्मांनी हसून मान डोलावली. त्यांच्या पासपोर्टवर जन्मस्थान हैदराबाद आणि देश ‘अविभाजित भारत’ असं लिहिलेलं आहे. सरकारनंच तशी सोय करून ठेवली आहे आणि ती बरीही आहे, फक्त त्या देशाला जायची गाडी कुठून सुटते ते सरकार सांगत नाही.

फाळणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पंजाब येतो, प्रेतांनी भरलेल्या गाड्या येतात. सिंधमध्ये १९४७ साली तसं फारसं झालं नाही. पुष्कळ हिंदू घरांनी ठरवलंही होतं की राहायचं, राजे बदलतात, रयत कुठे बदलते! मग ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर लोंढाच लागला. कुणी केमारी बंदरावरून बोटीनं मुंबईला, कुणी ओखा-पोरबंदरला, कुणी खोखरापार-मुनाबाव मार्गे गाडीनं मारवाडात. कुलुपं लावून, किल्ल्या कमरेला खोचून निघाले, कारण परत यायचंच होतं. पंजाब्यांना अर्धा पंजाब तरी उरला, बंगाल्यांना अर्धा बंगाल. सिंध अख्खा पलीकडे गेला. इकडे आलेल्या सिंध्यांच्या वाट्याला त्यांच्या जमिनीचा हातभर तुकडाही आला नाही. त्यांची भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत यायलाही १० एप्रिल १९६७ उजाडावं लागलं. राष्ट्रगीतात सिंधचं नाव आहे. ते काढून टाका म्हणून कुणीतरी थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं; २००५ साली न्यायालयानं ती मागणी फेटाळली, हे एक चांगलं झालं.

आणि सिंध आम्हा मराठी माणसांनाही इतका परका नव्हता. १८४७ पासून १९३६ पर्यंत तो मुंबई इलाख्यातच होता. कराचीतली जुनी नामांकित सरकारी शाळा १८५५ मध्ये सुरू झालेली, आणि आजही ती नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावानं ओळखली जाते. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे कुठे नव्हतं. मला ते अम्मांच्या एका दूरच्या दिरांकडून कळलं. ते त्याच शाळेत शिकलेले.

उल्हासनगरचं तुम्हाला सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करानं छावणी उभारली होती. युद्ध संपल्यावर त्या रिकाम्या बराकींमध्ये सिंधहून आलेली माणसं भरली. एका बराकीत अनेक कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे. १९४९ साली राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली, उल्हासनगर हे नाव मिळालं. पुढे त्याच बराकींत फर्निचर, कपडे, मिठाया, काय वाटेल ते बनू लागलं, आणि ‘मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद आम्ही स्वतःच सगळ्यांना ऐकवतो. शहराला महापालिका आली, रस्त्यांवर उड्डाणपूल आले, पण पत्त्यात अजून कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चार असंच लिहितात. अम्मांची नातवंडं कॅम्पात जन्मली आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

मध्यंतरी माझ्या मुलानं आजीला खूश करायचं ठरवलं. फोनवर उपग्रहाचा नकाशा उघडला, हैदराबाद शोधलं, हिराबाद शोधलं, दोन बोटांनी मोठं करून आजीपुढे धरलं. ‘बघ आजी, तुझं घर कोणतं?’ अम्मांनी चष्मा पुसला, पुष्कळ वेळ बघितलं. राखाडी चौकोनांना लागून राखाडी चौकोन. मग म्हणाल्या, ‘वरून कसं ओळखू? मी काय घार आहे?’

त्यांनी विजेच्या बिलाची मागची बाजू मागून घेतली आणि पेन्सिलीनं गल्ली काढायला बसल्या. कोपऱ्यावर पाण्याचा नळ. मग त्यांचा दरवाजा, उंबऱ्यापर्यंत तीन पायऱ्या, मधली एका बाजूनं फुटलेली. आत चौक, चौकातून जिना, जिन्याच्या पाचव्या पायरीवर कोनाडा. वर गच्ची आणि गच्चीवर मंघ. मंघ म्हणजे वारा पकडायचं धारं. छपरावर उभारलेला, एका बाजूनं उघडा चौकोनी धुराड्यासारखा भाग. समुद्राकडून येणारा वारा त्यात शिरतो आणि घराच्या पोटातून खालच्या खोलीत उतरतो. हैदराबादच्या जुन्या छायाचित्रांत हजारो मंघ दिसतात, सगळ्यांची तोंडं नैर्ऋत्येला, एकाच दिशेला. आता ते जवळजवळ गेले आहेत, हे मला वाचून ठाऊक आहे. अम्मांना ठाऊक नाही आणि मी सांगितलेलं नाही. बिलावर त्यांनी शेजारपाजारच्या घरांवरही एकेक मंघ काढला आणि प्रत्येकाखाली कुणाचं घर ते लिहिलं, अरबी-सिंधी लिपीत. आमच्या घरात ती लिपी त्यांच्याशिवाय कुणालाच वाचता येत नाही. मुलं शाळेत मराठी, हिंदी, इंग्रजी शिकली. सिंधी कानावर आहे, डोळ्यांना नाही. म्हणजे नकाशा आमच्याकडे आहे, पण तो वाचणारी व्यक्ती घरात एकच आणि ती नव्वदीकडे झुकलेली.

तुम्हाला वाटेल, बाईला घर परत पाहिजे असेल. नाही हो. १९५४ च्या कायद्याखाली निर्वासितांना मागे राहिलेल्या मालमत्तेची भरपाई मिळाली, आमच्याकडे त्याला सरळ ‘क्लेम’ म्हणतात. आजेसासऱ्यांना क्लेम मिळाला, तो घरापुढे काहीच नव्हता, पण त्यांनी सही केली आणि तो विषय कायमचा बंद केला. आम्ही दावा सोडल्याचं प्रतिज्ञापत्र शंभरदा लिहून द्यायला तयार आहोत. अम्मांना तिकडे राहायचंही नाही. त्यांचा डॉक्टर इथं, सत्संगाचा दरबार इथं, भांडायला शेजारीण इथं, आणि पाणी कमी दाबानं आलं की नगरसेवकाला फोन करण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. त्या भारतीय आहेत, तुमच्या-माझ्याहून कदाचित थोड्या जास्तच, कारण त्यांना हे नागरिकत्व किती महाग पडलं ते माहीत आहे.

सगळ्यांनाच जायचं असतं असंही नाही, हेही लिहून ठेवते. माझे सासरे शिकारपूरचे. ते हयात असताना कुणी सिंधला जायचा विषय काढला की उठून जायचे. एकदाच म्हणाले होते, ‘जाऊन काय बघायचं? आपल्या ओट्यावर दुसऱ्याचं वाळत घातलेलं?’ शिकारपूरचा झाकलेला ढक बाजार, लखी दरचा घड्याळाचा मनोरा, सगळं त्यांनी मनातून पुसून टाकल्याचं ते दाखवत. मात्र दुबईहून कुणी शिकारपुरी लोणच्याची बाटली आणली, की ती संपेपर्यंत त्यांच्या ताटाजवळून हलत नसे. माझ्या मते त्यांचाही हक्क तितकाच खरा होता. जायचं नाही असं म्हणण्यासाठीसुद्धा जाता येण्याची सोय लागते.

आता त्या ओट्यावरच्या दुसऱ्याविषयी. तोही बहुधा कुठून तरी आलेलाच असणार. कराचीतल्या वस्त्यांची नावं वाचली तेव्हा मी चकित झाले: दिल्ली कॉलनी, बिहार कॉलनी, कोकणी मुसलमानांची कोकण सोसायटी, आणि चक्क सी. पी. अँड बेरार सोसायटी. सी. पी. म्हणजे मध्य प्रांत, आणि बेरार म्हणजे आमचं वऱ्हाड! ज्या प्रांताचं नाव इकडच्या नकाशावरून स्वातंत्र्यानंतर पुसलं गेलं, ते तिकडे पाटीवर शाबूत आहे. तिथल्या कुण्या आजीला अमरावतीच्या परकोटातली गल्ली आठवत असेल, आणि तिची सून इस्लामाबादला असंच पत्र लिहायच्या बेतात असेल. त्या आजीला व्हिसा मिळाला तर जवाहर गेटपाशी तिला उतरवून घ्यायला मी स्वतः येईन. मीच यजमान, लिहा माझं नाव.

तुमची अडचण मला कळत नाही असं समजू नका. मी मुंबईच्या लोकलमधून रोज प्रवास करणारी बाई आहे. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत शिरलेले दहा जण कराचीहूनच समुद्रमार्गे आले होते. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यात आमच्या जिल्ह्यातलीही होती; त्यानंतर व्हिसे रद्द झाले, अटारीचं फाटक बंद झालं. त्या दिवसांत ज्यांच्या घरी प्रेतं आली, त्यांच्यासमोर उभं राहून ‘मैत्रीचा पूल’ वगैरे बोलायची माझी छाती नाही, आणि वाघा सीमेवर मेणबत्त्या लावणाऱ्यांतली मी कधीच नव्हते. पाकिस्तान सरकारवर विश्वास ठेवा असं मी दिल्लीला सांगत नाही, आणि दिल्लीवर ठेवा असं इस्लामाबादला सांगत नाही. माझं म्हणणं एवढंच की ८० वर्षांच्या म्हातारीवर अविश्वास ठेवायला लागणारी यंत्रणा तुमच्या दोघांकडेही भरपूर आहे; ती वापरा, पण दार किलकिलं करा.

कारण दार उघडतं, हे आम्ही पाहिलेलं आहे. परवेझ मुशर्रफ दिल्लीत जन्मले. जुलै २००१ मध्ये आग्र्याच्या बोलण्यांसाठी आले तेव्हा दर्यागंजातली नहरवाली हवेली त्यांना दाखवली गेली. लालकृष्ण अडवाणी कराचीत जन्मले. जून २००५ मध्ये ते तिथं जाऊन आपली शाळा बघून आले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट आनंद आहे, दोघांचे ते फोटो मी अम्मांना दाखवले होते. पण गावाची गल्ली बघायला माणसानं राष्ट्राध्यक्ष किंवा विरोधी पक्षनेता व्हावं लागावं का? आणि तेवढ्यानंही भागतंच असं नाही. मनमोहन सिंग यांचं जन्मगाव गाह, पाकिस्तानातल्या पंजाबातलं. दहा वर्षं ते या देशाचे पंतप्रधान होते. त्या दहा वर्षांत गाहला जाणं त्यांना जमलं नाही, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले.

तुमच्याच फायलींत उत्तरं पडून आहेत. सप्टेंबर २०१२ मध्ये दोन्ही सरकारांनी व्हिसाचा करार केला. ६५ वर्षांवरच्या माणसाला अटारी-वाघ्याला पोचल्यावर तिथंच ४५ दिवसांचा व्हिसा, असं त्यात लिहिलं. आमच्या घरी त्या दिवशी मिठाई आली होती. जानेवारी २०१३ मध्ये भारताकडून ही सोय सुरू व्हायची आणि सीमेवरच्या तणावामुळे त्याच दिवशी ती थांबवण्यात आली. २००६ च्या फेब्रुवारीत, १९६५ पासून बंद असलेला मुनाबाव-खोखरापारचा रूळ पुन्हा सुरू झाला, थार एक्स्प्रेस धावली; ऑगस्ट २०१९ पासून तीही बंद. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मात्र कर्तारपूरचा रस्ता उघडला, व्हिसाशिवाय सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता यायचं. १९४७ मध्ये ताटातूट झालेले दोन सख्खे भाऊ २०२२ मध्ये तिथंच एकमेकांच्या गळ्यात पडले. म्हणजे जमतं. कराचीतला भारताचा वाणिज्य दूतावास १९९४ मध्ये बंद झाला, मुंबईत पाकिस्तानचा नाही. त्यामुळे सिंध आणि मुंबईतल्या म्हाताऱ्यांना कागदासाठी राजधानीकडे बघावं लागतं. निदान हे कागद टपालानं घेता येतील, त्याला तर कुणाशी तह करावा लागत नाही.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, लिहितेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये कराचीच्या स्मशानातून चारशेच्या आसपास हिंदूंच्या अस्थी वाघ्यामार्गे इकडे आणल्या गेल्या, हरिद्वारला गंगेत सोडण्यासाठी. कित्येक वर्षं त्या कलशांत वाट पाहत होत्या. चांगलं झालं, ज्यांनी परवानगी दिली त्यांचे आभार. अम्मांनी ती बातमी टीव्हीवर बघितली आणि मला विचारलं, ‘उलट दिशेनं पण नेतात का?’ मी म्हटलं, विचारते. विचारते आहे. पण त्याआधीचा अर्ज जिवंतपणीचा आहे, तो आधी निकाली काढा.

उशीर केला तर काय होतं, ते कोरियात दिसतं. तिथं २००० ते २०१८ दरम्यान दुभंगलेल्या कुटुंबांच्या समोरासमोर भेटी झाल्या, एकवीस वेळा, दरवेळी मोजक्याच लोकांच्या. दक्षिणेत नाव नोंदवलेल्यांचा आकडा एक लाख तीस हजारांच्या वर; त्यातले बहुतेक आता हयात नाहीत. सायप्रसमध्ये उलट घडलं. १९७४ पासून मधोमध तुटलेल्या त्या बेटावर २३ एप्रिल २००३ ला अचानक रेषा उघडली, आणि हजारो लोक पलीकडे जाऊन आपापल्या जुन्या घरांची दारं वाजवून आले. तह झाला नव्हता, आजही झालेला नाही. कुणी कुणाचं घर बळकावलं नाही. तुमचा तह होईल तेव्हा होवो. तो होईपर्यंत १९४७ आधी जन्मलेलं कुणी उरणार नाही, आणि हा प्रश्न आपोआप मिटेल, हे तुम्हालाही ठाऊक आहे. कुठल्याच सरकारला तसं म्हणायचं नसेल, पण गेली कित्येक वर्षं कारभार त्याच दिशेनं चालला आहे.

सिंधमध्ये मारुईची गोष्ट प्रत्येक घरात सांगतात. उमर राजा मलीरच्या या गरीब पोरीला विहिरीवरून उचलून उमरकोटच्या किल्ल्यात आणतो. रेशमी वस्त्रं देतो, राणी करतो म्हणतो. ती अंगावरची जाडीभरडी लोई सोडत नाही, मलीर, मलीर एवढंच म्हणत राहते. अम्मा ही गोष्ट सांगताना मारुईपेक्षा उमरवर जास्त वेळ देतात. त्या म्हणतात, शेवटी त्यानं ऐकलं की नाही? त्यानं स्वतः हुकूम काढून तिला घरी पोचवलं. पळवून आणणारा राजा, पण त्याला कधीतरी लाज वाटली. तुम्ही तर कुणाला पळवूनही आणलेलं नाही.

तेव्हा मागणं असं. १५ ऑगस्ट १९४७ पूर्वी पलीकडे जन्मलेल्या माणसाला, दोन्हीकडच्या, त्याच्या जन्मगावापुरता एक व्हिसा द्या. यजमानाची अट नको. हवं तर तिथल्या पोलीस ठाण्याला यजमान करा, अम्मांची हरकत नाही, त्या पोलिसांनाही जेवलात का म्हणून विचारतील. सोबत घरातलं एक माणूस असू द्या, कारण या वयात एकट्यानं जाणं होत नाही. एकच शहर द्या, आठवडाभरच द्या, रोज हजेरी लावा, फोन काढून घ्या, कागदपत्रं वर्षभर तपासा. नाही, वर्षभर नको. लवकर तपासा.

आमच्या अर्जाची एवढीच माहिती जोडते. अम्मांचा पासपोर्ट चालू आहे, सगळ्या लसी झालेल्या आहेत, साखर काबूत आहे, गुडघे नाहीत. त्यामुळे विमान चालेल, बोट चालेल, लांबची बस नको. तारीख देणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली द्या; मे-जूनमध्ये तिकडचं ऊन त्यांना सोसणार नाही. आणि घरात सध्या जे कुणी राहतात त्यांना आधी निरोप देता आला तर बरं, म्हणजे त्यांची गडबड होणार नाही. आम्ही आत या म्हणाले तरच आत जाऊ. नाही म्हणाले तर बाहेरच्या तीन पायऱ्या बघून परत येऊ, मधली अजून तशीच फुटकी आहे का एवढं त्यांना बघायचं आहे.

आपली,
हिराबादच्या एका मुलीची सून
उल्हासनगर, कॅम्प नंबर चार